माळावरच्या रुळांची राखण

“पुसा ते कुंकू. पुसा म्हंतोय न्हवं का मी.”

पावणे आगगाडीच्या रुळाशेजारी पोटावर पालथे पडले होते आणि तिथून ओरडत होते. आवाज असा की माळाच्या पार कडेला चरणाऱ्या शेळ्यांनी माना वर केल्या. लग्न जमवायला आलेला माणूस मुलाच्या दारात आडवा पडून कुंकू पुसा म्हणून बोंबलतो, हे मामीला झेपलंच नाही. तिनं एका हातानं पदर तोंडाला लावला आणि दुसऱ्या हातानं स्वतःचं कपाळ झाकून घेतलं. बाकी कुणी जागचं हललं नाही. शेवटी पावण्यांनीच डोक्यावरची पांढरी टोपी काढली, तिच्यावर थुंकले, आणि मामीनं सकाळी रुळाच्या अंगावर बोटं भरून लावलेलं हळदकुंकू खसाखसा पुसायला लागले.

मी तिथंच होतो. मामाच्या पोराचा आतेभाऊ, शाहूपुरीत मोटार रिवायंडिंगचं दुकान असलेला, चार लोकांत बोलू शकणारा, म्हणून मला इस्त्रीची पँट घालायला लावून बोलावलं होतं. मी बोलायला तोंड उघडलं होतं ते तसंच उघडं राहिलं.

पण रूळ मामाच्या दारात कसा आला आणि पावणे त्याच्यावर का तुटून पडले, हे आधी सांगायला पाहिजे.

कोल्हापूर जिल्ह्यात वाळवंट नाही असं भूगोलाच्या पुस्तकात असतं. ज्यानं ते लिहिलं तो दोन्ही बाजूचा ऊस बघत हायवेनं सरळ निघून गेला असणार. त्याला हुपरीच्या अंगानं आत वळवून भर उन्हात मामाच्या माळावर अनवाणी उभा करायला पाहिजे होता. पाऊस त्या माळावर यायचा तो वाट चुकून, आणि चुकलंय हे कळलं की सांडलं तेवढं सोडून माघारी वळायचा. उन्हाळ्यात तिथले सरडे दोन पाय वर धरून उभे राहतात, मग ते खाली ठेवून दुसरे दोन उचलतात. माझ्या लहानपणी मामानं मला सांगितलं होतं की इथल्या मुंग्या दिवसभर एकमेकींच्या सावलीतनं चालतात, म्हणून तर त्यांची रांग असते. मी ते शाळेत सांगून मार खाल्ला.

माळाच्या टोकाला काळ्या दगडाची खाण होती. ती चालवणाऱ्या कंपनीनं मोठ्या लाईनीवरून एक फाटा काढला आणि माळाच्या उरावरून थेट खाणीपर्यंत नेला. दगड न्यायचा, दुसरं काही नाही. पण दगडाच्या डब्यांना मागं एक माणसांचा डबा जोडायचे, म्हणून गावाला आगगाडीचं गाव म्हणवून घ्यायला मिळालं. गाडीचा वेग असा की खाणीकडं धूर दिसला की घरात आमटीला फोडणी पडायची, आणि जेवणं होऊन ताटं घासून झाली तरी इंजिन दारात यायचं असायचं. एकदा म्हणे एक म्हैस रुळातनं गाडीच्या पुढं चालत होती. ड्रायव्हरनं तिला हटवायला शिट्ट्या मारमारून सगळी वाफ संपवली, गाडी जाग्यावर थांबली आणि म्हैस बाजाराला वेळेवर पोचली. मामाच्या बापानं ही गोष्ट शपथेवर सांगितलेली मी ऐकली आहे. शपथ माझ्या गळ्याची होती म्हणून नीट लक्षात राहिली.

मग खाणीला पाणी लागलं. त्या माळावर पिढ्यानपिढ्या विहिरी खणून थेंब दिसला नव्हता, आणि पाणी लागलं ते खाणीत, तेही खाण बुडवण्यापुरतं. कंपनीनं पंप लावले, पंप बुडाले. एक दिवस गाडी भरून निघाली ती परत आलीच नाही. बंद झाली असं कुणी सांगितलं नाही, बोर्ड लावला नाही. बाजाराला जायला निघालेली माणसं भाकरी बांधून रुळाकडंला बसून राहिली. त्यातली एक म्हातारी अजून तिथंच बसली आहे असं गाव म्हणतं. मी बघितलेली नाही, पण तिथं बाभळीचं एक झुडूप आहे आणि ते माळावरच्या इतर बाभळींपेक्षा जास्त वैतागलेलं दिसतं.

आणि मग गावानं लाईन खाल्ली.

घाईनं नाही. पंगतीला बसल्यासारखी, निवांत, एकेक जिन्नस चवीनं. आधी खडी गेली. गावातल्या देवळाच्या जोत्यात आणि बौद्ध विहाराच्या जोत्यात एकाच फाट्याची खडी आहे. दोन्हीकडची माणसं एकाच ट्रॉलीतनं ओढत होती आणि गावात एवढी एकी मी त्याआधीही बघितली नाही आणि नंतरही नाही. मग लाकडी स्लीपर गेले. ते कुणाच्या गोठ्याच्या मेढी झाले, कुणाच्या दाराच्या चौकटी झाल्या. उन्हाळ्यात त्या गावात कुठल्याही दारात उभं राहा, डांबराचा वास येतो. सिग्नलचा हात न्हाव्यानं दुकानावर लावला. तो खाली पडलेला असला की दुकान उघडं. शेवटी रूळ. सबंध रूळ घरांच्या माळवदाखाली तुळया म्हणून गेले. मोडके उरले त्यांचे हातभर तुकडे पाडून ते हुपरीच्या पलीकडं जायचे. तिकडं घराघरात चांदीचं काम चालतं. पैंजण करायचे तर ऐरण लागते आणि जुन्या रुळासारखी ऐरण नाही. हातोडा मारला की चांदी दबते, रूळ दबत नाही.

गाव दोन्ही टोकांकडनं खात खात आलं आणि मधला एक पट्टा उरला. त्याचं एक टोक नेमकं मामाच्या अंगणापुढं येऊन थांबलं होतं. उरलेलं लोखंड भंगारच्या एका ठेकेदारानं लिलावात घेतलं. घेतलं आणि कंपनीच्या वारसांनी दावा लावला. निकाल लागेपर्यंत रूळ उचलायचा नाही, असं ठरलं. उचलायचाही नाही आणि चोरीलाही जाऊ द्यायचा नाही. ठेकेदाराला राखणीला माणूस पाहिजे होता. मामा मिशीवर हात फिरवत पुढं झाला आणि त्यानं स्वतःचं एकुलतं एक पोरगं उभं केलं.

पोरगं म्हणजे माझा मामेभाऊ. लांबच लांब, वाळकं, हात गुडघ्यापर्यंत. त्याला ठेकेदारानं खाकी शर्ट, शिट्टी आणि बॅटरी दिली आणि त्यानं ती नोकरी अशी धरली की जणू सबंध देशाच्या गाड्या त्याच्या दारातनं सुटणार आहेत. सकाळी उठून रूळ वाजवत जायचा, संध्याकाळी वाजवत यायचा. रुळावर मिरच्या वाळत घातल्या म्हणून स्वतःच्या आईला शिट्टी मारली. एका धनगराच्या सगळ्या मेंढ्या त्यानं थांबवून ठेवल्या आणि आधी डावीकडं बघा, मग उजवीकडं बघा, मग ओलांडा, असं त्याला समजावून सांगितलं. धनगरानं डावीकडं बघितलं, उजवीकडं बघितलं आणि मेंढ्या बाजूला ठेवून त्याला काठीनं झोडपला.

गावाला तर चारा मिळाला. तो रस्त्यानं चालला की पोरं मागनं कूऽऽ करायची. चहाच्या गाड्यावर बसला की मोठी माणसं गंभीर तोंड करून विचारायची, आज गाडी टायमावर हाय न्हवं, का मिरजेला अडकली? तो खरंच उत्तर द्यायचा. म्हणायचा, गाडी बंद हाय दादा, केस चालू हाय. मग सगळे बाकावरनं खाली पडेपर्यंत हसायचे आणि दुसऱ्या दिवशी तेच विचारायचे. तो तेच उत्तर द्यायचा.

अशा माणसाला पोरगी कोण देणार? आजकाल आमच्याकडं पोरीचे बाप आल्या आल्या विचारतात की कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीत पर्मनंट हाय का, कोल्हापुरात फ्लॅट हाय का. शेती किती, हे विचारतात ते शेवटी आणि तोंड वाकडं करून. मामेभावाला जिल्ह्यातल्या निम्म्या पोरींनी नाकारला होता आणि उरलेल्या निम्म्या तोवर जन्मल्या नव्हत्या. केस पांढरे व्हायला लागले. मामी काळं करून द्यायची, घामानं ते खाकी शर्टाच्या कॉलरवर उतरायचं.

आता मामाचं सांगतो. राखणीला पोरगं बसवल्यापासून रूळ आखूड व्हायला लागला. एकदम नाही, हातहातभर. रात्री मामा पोराला म्हणायचा, जा, जेवून ये, मी बघतो. पोरगं जेवून येतंय तोवर करवत चालायची, असं गाव सांगायचं, आणि सकाळच्या पहिल्या एसटीत मामा पोत्यात काहीतरी जड घालून हुपरीच्या बाजूला निघालेला असायचा. कंडक्टरनं विचारलं तर म्हणायचा, पाव्हण्यांस्नी गूळ निघालाय. मामा तालमीतला माणूस, त्या वयातही छाती दरवाजाएवढी. त्याच्या गुळाला हात लावायची कंडक्टरची टाप नव्हती. ठेकेदार वर्षातनं एखाद्या वेळेला यायचा, डोळे बारीक करून बघायचा आणि म्हणायचा, रूळ कमी वाटतोय. मामा सांगायचा, साहेब, ऊन बघताय न्हवं हितलं. लोखंड आटतंय.

गावाला हे सगळं ठाऊक होतं. मलाही होतं. पोराला ठाऊक नाही, असं गावाचं पक्कं मत होतं. ते येडं हाय, त्याला रूळ वाजवायला येतो, मोजायला येत न्हाय, असं म्हणायचे.

अशात एका मध्यस्थानं हे स्थळ आणलं. हुपरीच्या पलीकडचं गाव, तिथनं कर्नाटक हाकेवर. पावण्यांचं घरीच चांदीचं काम, बायको वारलेली, एकच पोरगी, तिचीही तिशी उलटलेली. तिनं आत्तापर्यंत जेवढे नवरे नाकारले ते एका रांगेत उभे केले तर रांग निपाणीला पोचली असती. पावण्यांना फ्लॅट नको होता, पर्मनंट नको होता. त्यांना घरजावई पाहिजे होता. घरात लोकांची चांदी पडलेली असते, ती राखायला भरवशाचा माणूस पाहिजे, एवढीच अट. मध्यस्थानं मांडीवर थाप मारून सांगितलं, पोरगा राखणीतच हाय. आयुष्यात पहिल्यांदा माझ्या मामेभावाची नोकरी कुणाला तरी चांगली वाटली.

पोरगी बघायला आम्ही गेलतो. पोहे झाले, चहा झाला. पोरीनं मान खाली घातली नाही का लाजली नाही. तिनं पुढं बघून एकच प्रश्न विचारला, रात्री जागता येतं का? मामेभाऊ म्हणाला, मला झोपच येत न्हाय. ती हसली. चेष्टेनं नाही, साधं हसली. त्याच्याशी बोलताना कुणी साधं हसलेलं मी तेव्हा पहिल्यांदा बघितलं. परत येताना गाडीत त्यानं मला विचारलं, घर बघायला येतील तेव्हा खाकी घालू का पांढरा घालू. कागलपर्यंत तेच विचारत होता. हे स्थळ गेलं तर पुढं काही नाही, हे आम्हा सगळ्यांना माहीत होतं. त्याला तर सगळ्यात जास्त.

आमच्याकडं पावणे घर बघायला येणार म्हटलं की गोठा भरावा लागतो. पोरीकडचे लोक आधी गोठ्यात डोकावतात, मग उकिरडा किती उंच आहे ते बघतात. म्हणून शेजारच्या म्हशी एक दिवस उसन्या आणायच्या, ही रीतच आहे. आज तुमच्या आमच्यात, उद्या आमच्या तुमच्यात. मामानं आख्ख्या गल्लीच्या म्हशी आणून बांधल्या. एका म्हशीनं त्याला घरचा धनी समजायला नकार दिला आणि मांडीवर लाथ घातली. मामा पावण्यांपुढं दिवसभर लंगडला तो त्यामुळं.

पण मामाला तेवढ्यावर भागवायचं नव्हतं. पोराची मिळकत रुळावर, तर रूळही दिसला पाहिजे. दसऱ्याला आपण हत्यारं घासूनपुसून पुजतो, तसा त्यानं अंगणापुढचा रूळ पुजायला काढला. मामी आणि गल्लीतल्या बायका आदल्या दिवसभर चिंच आणि राख घेऊन देवाची भांडी घासावीत तसा तो रूळ घासत होत्या. पिढ्यांचा गंज निघाला. असा लखलखला की वरनं जाणारी घार त्यात तोंड बघून गेली. सकाळी त्याला हळदकुंकू लावलं, झेंडूची माळ घातली. म्हशी उसन्या होत्या, पण रूळ आपला, असं मामा म्हणाला. आणि तिथंच तो फसला. कारण गंजाखाली काय लपलेलं आहे, हे त्याला आयुष्यात कधी बघावं लागलं नव्हतं.

पावणे आले. पोरगी स्कूटर चालवत होती, बाप मागं बसला होता. पावणे गोठ्याच्या दारात उभे राहिले, थोडा वेळ बघितलं आणि म्हणाले, ह्या म्हशी एकमेकींना वळखत न्हाईत. मामाचा रंग उडाला. पण पावणे हसले, म्हणाले, असूंदे, आमी बी थोरल्याच्या येळंला असंच केलंतं. थोरला म्हणजे त्यांचा भाऊ. वातावरण सैल झालं. मामेभावानं शेवटी खाकीच घातला होता. पोरीनं शिट्टीकडं बोट करून विचारलं, वाजवता का? त्यानं वाजवली. सगळे हसले आणि त्यात तोही हसला.

मग पावणे रुळाजवळ गेले. चकाकलेलं लोखंड बघून कारागिराचा हात कसा राहील? उकिडवे बसले, म्हशीच्या पाठीवरनं फिरवावा तसा रुळावरनं हात फिरवला. हात फिरवत फिरवत टोकाला गेले, जिथं शेवटचा काप होता. तिथं थांबले. मान वाकडी केली. मग पालथे पडले आणि ओरडायला लागले.

टोपीनं कुंकू पुसून झालं तेव्हा रुळाच्या बाजूवर उठावाची इंग्रजी अक्षरं दिसायला लागली. जुन्या रुळांवर कारखान्याचं नाव असतं ते. अक्षरांच्या कडेला कुंकू तसंच राहिलं, त्यामुळं ती लालेलाल वाचता येत होती. शेवटचं अक्षर गोल होतं आणि करवत त्याच्या बरोबर मधनं गेली होती.

“ह्या मडक्याचं अर्धं आमच्या घरात हाय,” पावणे म्हणाले.

त्यांना इंग्रजी येत नव्हतं. त्यांच्या ऐरणीवर अर्धं मडकं, मग विळा, मग दोन काठ्या अशी अक्षरं होती आणि रोज मांडी घालून त्यांच्यासमोर बसायचं म्हटल्यावर ती पाठ झाली होती. मला वाटलं, म्हातारा उन्हानं बरळतोय. पण त्यांनी पोरीला जवळ बोलावलं. तिनं कापलेल्या टोकावर बोट फिरवलं, एका जागी करवत घसरून जरा तिरकी गेली होती तिथं थांबवलं, आणि म्हणाली, “व्हय, आप्पा. आपलीच हाय.”

पावण्यांनी कपडे झटकले नाहीत. तसेच मातीनं भरलेले उभे राहिले आणि आवाज एकदम खाली आणला. म्हणाले, ऐरण आमी घेतली ती लॉकडाऊन उठल्यावरच्या दिवाळीला, बाजारात एका भंगारवाल्याकडनं. तवा हितं राखणीला कोण हुतं?

मामानं बाप म्हणून एवढंच करायचं होतं की गप्प बसायचं. पण मामाला गप्प बसणं कधी जमलंच नाही. तो छाती काढून म्हणाला, “माजं पोरगंच. पैल्यापास्नं तेच. दुसऱ्या कुणाचं पाऊल न्हाय हितं.”

“मंग दोनच गोष्टी,” पावणे म्हणाले. “एक तर ह्यानं इकला, न्हाय तर हे झोपलंतं. तिसरं काय असलं तर सांगा.”

तिसरं माझ्या डाव्या हाताला उभं होतं आणि उसन्या म्हशीची पाठ खाजवत होतं. सगळी गल्ली कुंपणाला लागली होती, एकूण एक माणसाला ठाऊक. न्हावी सुद्धा दुकान सोडून आलेला. कुणाच्या तोंडातनं शब्द निघाला नाही. मामाशी तालमीत झोंबलेली माणसं होती ती, त्यांना आपली हाडं माहीत होती. मी आभाळात ढग आहे का ते बघितलं. नव्हता.

मामेभाऊ बापाकडं बघत होता. बाप म्हशीकडं बघत होता.

“झोपलोतो,” मामेभाऊ म्हणाला.

पोरगी दोन पावलं पुढं आली. “तुमी मला म्हणालासा, झोप येत न्हाय.”

तो रुळाच्या कापलेल्या टोकाकडं बघत राहिला.

“खरं सांगा,” ती म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता. अजून थोडी जागा होती त्यात, एवढं मलाही कळलं.

“झोपलोतो, म्हंतोय की.”

मग मामानं जे केलं ते बघायला सबंध जिल्ह्यानं तिकीट काढून यायला पाहिजे होतं. तो लंगडत पुढं झाला आणि त्यानं पोराच्या कानाखाली अशी लगावली की गळ्यातली शिट्टी उडून गव्हाणीत पडली. म्हणाला, लोकांचा माल राखायला ठेवला आन् झोपतोस? माज्या इमानाला काळं फासलंस. डोळ्यांत पाणी होतं मामाच्या. खोटं नव्हतं ते. त्याला त्या घटकेला खरंच वाटत होतं की आपण आयुष्यभर त्या रुळाशी इमान राखलं आणि कार्ट्यानं घात केला. दुसरी लगावली तेव्हा मामी रडायला लागली. तिसरी मारताना त्यालाच दम लागला.

पावण्यांनी टोपी डोक्यावर घातली. ती कुंकवानं भरलेली होती, त्यामुळं त्यांच्या कपाळावर लाल पट्टा उठला.

“चोर असता तर दिली असती पोरगी,” ते म्हणाले. “चोराला मालाची किंमत कळती. एकदा घरचा झाला की घरचं राखतोय त्यो. झोपणाऱ्याच्या उशाला चांदी ठिवून मी डोळं कसं मिटू?”

पोरीनं स्कूटर चालू केली. बाप मागं बसला. पोह्यांच्या ताटल्या ओट्यावर तशाच होत्या. स्कूटरची धूळ खाली बसायच्या आत गल्लीतल्या बायका आपापल्या म्हशी सोडून न्यायला आल्या. त्यांतल्या दोघींनी जाताजाता पोहे खाल्ले.

एवढ्यावर संपलं असतं तर ते आमचं गाव कसलं? दुसऱ्या दिवसापासून मामेभाऊ रस्त्यात दिसला की पोरं कूऽऽ करायचं सोडून घोरायला लागली. चहाच्या गाड्यावर तो येताना दिसला की बसलेले सगळे एकदम बाकावर माना टाकायचे. मामा स्वतः त्यांच्यात बसून सांगायचा, गावाची आगगाडी माझ्या पोराच्या झोपंपायी गेली. चांगलं सांगायचा, हातवारे करून. ऐकणाऱ्यांना खरं माहीत असूनही ते मामाच्या बाजूनं हळहळायचे.

ठेकेदाराच्या कानावर गोष्ट गेली आणि त्यानं खाकी शर्ट काढून घेतला. पुढं दाव्यात तडजोड झाली. एक क्रेन आणि दोन ट्रक आले आणि पिढ्यांनी खाऊन उरलेला पट्टा दुपारच्या जेवणाआधी उचलून घेऊन गेले. गाव जत्रेसारखं बघायला जमलं होतं. भेळेची गाडी आली होती. मामाच्या दारातला घासलेला रूळ क्रेननं उचलला तेव्हा झेंडूची वाळलेली माळ अजून त्याला होती. मामानं हात जोडले. आता तिथं नुसता सरळ सपाट मुरूम आहे. दिवाळीला पोरं सायलेन्सर काढलेल्या मोटारसायकली तिथनं पळवतात आणि मागनं रंगवलेल्या म्हशी धावतात. त्या फाट्यावरनं आजवर एवढ्या वेगानं काही गेलेलं नाही.

पोरीचं लग्न पुढच्या वैशाखात झालं. पावणे शब्दाचे पक्के निघाले. शेतातल्या पंपाच्या मोटारी चोरताना सापडून पोलिसांकडं जाऊन आलेला एक पोरगा त्यांनी बघितला आणि घरजावई करून घेतला. म्हणतात, तो दाराला पाठ लावून बसतो आणि चांदीला परक्याचा वारा लागू देत नाही.

मामेभाऊ तसाच राहिला. कागलच्या एमआयडीसीत एका कंपनीच्या गेटवर त्याला वॉचमनचं काम लागलं. परवा एक जळालेली मोटार बांधून परत द्यायला मी तिथं गेलतो. भर दुपार होती. त्यानं माझ्या टेम्पोचं मागचं फळकूट उघडायला लावलं, आत वाकून बघितलं, सीटखाली बघितलं. आतेभाऊ असून त्यानं सगळं बघितलं. केस आता काळे करत नाही. मी त्याला सावलीत बसवला, घरनं आणलेल्या डब्यातली अर्धी भाकरी दिली. इतकी वर्षं पोटात होतं ते विचारलं. म्हटलं, लेका, तुझ्या बापानं रूळ इकला हे शेंबड्या पोराला ठावं हुतं. त्यानं तुला चारचौघांत हाणला तरी तू त्याचं नाव घेतलं न्हाईस. असल्या बापापायी कशाला झोपाळू झालास?

त्यानं भाकरी संपवली, हात झटकले आणि माझ्या टेम्पोसाठी गेटचा आडवा दांडा वर केला.

“कापताना रूळ एकट्याला उचलत न्हवता त्यांना,” तो म्हणाला. “दुसरं टोक मीच धरायचो.”